पनवेल ते सिंगापूर : अंतर किती आणि वेळ किती?

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सिंगापुरास सहकुटुंब राहतो. त्याच्या घरी कन्यारत्न झाले आणि आत्याबाई आल्याखेरीज बारसे करावयाचे नाही, असा त्याने हट्टच धरला. आत्याबाई म्हणजे माझ्या कैलासवासी वडिलांच्या थोरल्या भगिनी. वय वर्षे शहात्तर. पनवेलच्या आमच्या एकत्र कुटुंबात शेवटचा शब्द त्यांचाच. यथाकाल तिकीट आले. त्यावरील आकडे त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले आणि मला हाक मारली.

"जाताना रात्री साडेअकराला सुटून सकाळी साडेसातला पोहोचायचे, म्हणजे आठ तास. येताना संध्याकाळी साडेसातला सुटून रात्री साडेदहाला मुंबईत, म्हणजे तीनच तास. का रे, येताना विमान उतारावरून येते की काय?"

घरात हशा पिकला. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना या प्रश्नाचे नेमके उत्तर हवे होते, आणि ते का हवे होते हे मला मागाहून समजले. ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत अशी घरे आज आपल्या समाजात कमी नाहीत. तेव्हा आत्याबाईंसाठी त्या दिवशी मी जो हिशेब मांडला, तो वाचकांपुढेही ठेवावा असे वाटते.

अंतराचा हिशेब

प्रथम अंतर घेऊ. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल घरी असेल तर तो घ्यावा. त्यावर पनवेलच्या ठिकाणी दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे सिंगापुरावर टेकवावे आणि दोरा ताठ ओढावा. गोलावरील कोणत्याही दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट तीच. तिला भूगोलशास्त्रात बृहद्‌वृत्ताची वाट म्हणतात. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ दूरच्या स्थळांच्या बाबतीत हिच्याहून बरीच निराळी पडते, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना कोठे तरी ताणावीच लागते.

या वाटेने पनवेल ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर भरते. आत्याबाईंना आकड्यापेक्षा गावांची नावे अधिक समजतात, म्हणून मी दोऱ्याखालची गावे वाचून दाखविली. हा दोरा सह्याद्री ओलांडून आग्नेयेस जातो आणि जवळजवळ सोलापूरच्या माथ्यावरून निघतो. पुढे हैदराबादेस डावीकडे ठेवून आंध्रातील ओंगोलच्या बाजूस किनारा सोडतो. मग बंगालचा उपसागर, निकोबारची बेटे, मलाक्काची सामुद्रधुनी, आणि तिच्या शेवटी सिंगापूर. प्रत्यक्ष विमान तंतोतंत याच रेघेवरून जात नाही. आकाशातही आखलेले रस्ते आहेत, आणि वादळे व गर्दी चुकवीत वैमानिकाला थोडी वाकडी वाट करावी लागते. परंतु दिशा हीच.

"म्हणजे सोलापूरवरून जाणार!" आत्याबाई म्हणाल्या. सोलापूर त्यांचे सासर. एवढ्या माहितीने परदेशाचा निम्मा परकेपणा गेला असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

आकाशातील वेळ

आता वेळ. आजची मोठी विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून तासाला साधारणपणे ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. त्या वेगाने ३,९०० किलोमीटरांस साडेचार तास पुरावेत. पण तिकिटावरील 'सुटण्याची वेळ' म्हणजे विमान जागेवरून हलण्याची, आणि 'पोहोचण्याची वेळ' म्हणजे परगावी जागेवर जाऊन थांबण्याची. मधे धावपट्टीपर्यंतची वाटचाल, तेथील रांग, वर चढणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करीत येणे, क्वचित उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशातच घिरट्या घालणे, हे सारे येते. म्हणून मुंबई ते सिंगापूर हा प्रवास सुमारे साडेपाच तासांचा धरतात, आणि येताना जवळजवळ तेवढाच.

वाऱ्याचाही यात वाटा असतो. हिवाळ्यात उत्तर भारताच्या वर फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेस जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून जपानातील टोकियोस जाणारे विमान परतीच्या विमानापेक्षा तास-दीड तास लवकर पोहोचू शकते. सिंगापूरची वाट विषुववृत्ताच्या बाजूची असल्यामुळे तिला या वाऱ्याचा फारसा लाभ नाही. उलट पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंच आकाशात पूर्वेकडून पश्चिमेस वेगवान वारा वाहतो. या वाऱ्याचे शास्त्रीय वर्णन पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केले. पावसाळ्यात सिंगापूरहून परतणाऱ्या विमानास तो पाठीमागून साह्य करतो, आणि जाणाऱ्यास समोरून अडवितो. तथापि हा फरक मिनिटांचा आहे, तासांचा नव्हे. आत्याबाईंचा 'उतार' यातून सिद्ध होत नाही.

पूर्वीच्या मानाने हा वेग किती वाढला हेही पाहण्यासारखे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीचे टपाल मुंबईस आणले. ते सकाळी निघाले, अहमदाबादेस थांबले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. कराची-मुंबईचे सरळ अंतर नऊशे किलोमीटरांच्या आतलेच. तेवढे आजचे विमान दीड तासात ओलांडील. १९५४ साली एअर इंडियाने सिंगापूरची वाहतूक सुरू केली तेव्हाची पंख्याची विमाने तासाला पाचशे किलोमीटरांच्या आसपास जात. १९६० साली तिच्याकडे जेट विमाने आली आणि वेग जवळजवळ आजच्याएवढा झाला. म्हणजे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत आकाशातील वेळ फारसा घटलेला नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

घड्याळाचे कोडे

मग आठ तास आणि तीन तास हे गौडबंगाल काय? तर तिकिटावर प्रत्येक गावची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. जाताना घड्याळात आठ तास दिसतात, त्यांतून अडीच वजा केले की साडेपाच. येताना तीन दिसतात, त्यांत अडीच मिळविले की पुन्हा साडेपाच. पूर्वेस जाताना वजा करावे, पश्चिमेस येताना मिळवावे, एवढे सूत्र पाठ असले म्हणजे झाले.

जुन्या मुंबईकरांना दोन घड्याळांची गोष्ट नवी नव्हती. हिंदुस्थानची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईत 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालत राहिला, आणि तो प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे. घड्याळ हे शेवटी माणसांनी आपसात ठरविलेले असते. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर पनवेल आणि सिंगापूर यांच्यात सुमारे एकतीस रेखांशांचे अंतर आहे, आणि एका रेखांशास चार मिनिटे या नियमाने दोन तास चार मिनिटांचा फरक पडतो. सिंगापूरचे घड्याळही १९८१ अखेरपर्यंत आपल्या दोनच तास पुढे होते. १९८२ च्या आरंभी त्यांनी ते आणखी अर्धा तास पुढे केले. म्हणून तेथे बाराही महिने सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो.

येथे आत्याबाईंनी खरा प्रश्न विचारला. "मग माझी एकादशी कोणत्या घड्याळाची?"

याचे उत्तर देण्यास मला थोडा विचार करावा लागला. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. तो क्षण साऱ्या जगास एकच. परंतु कोणत्या दिवसास कोणती तिथी म्हणावयाची हे सामान्यतः आपापल्या गावच्या सूर्योदयावरून ठरते. सिंगापुरास सूर्योदय पनवेलपेक्षा, ऋतुमानाप्रमाणे, दीड ते अडीच तास आधी होतो. समजा, आपल्या घड्याळाने पहाटे सव्वापाचला दशमी संपून एकादशी लागली. पनवेलीस सूर्य सहानंतर उगवेल तेव्हा एकादशी असेल. सिंगापुरास मात्र आपल्या साडेचारलाच सूर्य उगवून गेला, आणि त्या वेळी दशमीच होती. तेव्हा तेथील एकादशी बहुधा दुसऱ्या दिवशी येईल. श्राद्धतिथीचे नियम निराळे असले तरी स्थानिक वेळ तेथेही पाहावीच लागते. म्हणून येथील पंचांग बरोबर नेऊन त्यातील वार तसाच धरू नये. तिथी संपण्याची वेळ घ्यावी, तीत अडीच तास मिळवावेत आणि तेथल्या सूर्योदयाशी ताडून पाहावी. शंका राहिल्यास जाणत्यांस विचारावे.

औषधांचीही गोष्ट अशीच. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस दोन घड्याळांचा फरक सांगून गोळ्यांच्या व टोचण्याच्या वेळा लिहून घ्याव्यात. औषधे सामानाच्या पेटीत न टाकता डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. पेटी विमानाच्या पोटात जाते, आणि ती वेळेवर हाती येईलच असे नाही.

जमिनीवरील वेळ

आकाशातला हिशेब येथे संपला. पण पनवेलकराचा प्रवास काही धावपट्टीवर सुरू होत नाही, तो घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. त्या वेळी आत्याबाईंना सहारच्या विमानतळावरून जावयाचे होते. पनवेलहून तेथे पोहोचण्यास वाहनांच्या गर्दीत दोन तास धरावे लागतात. परदेशी विमानास तीन तास आधी जाणे बरे. मग आकाशातील साडेपाच तास. सिंगापुरास पारपत्राची तपासणी, सामान आणि भावाचे घर यांस दीड तास. एकूण बारा तास. त्यांतले निम्म्याहून अधिक जमिनीवरचे.

ही गोष्ट पनवेलला नवी नाही. आगगाडी होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने खाडीतून पनवेल बंदरास उतरे आणि पुढे खोपोलीवरून बोरघाट चढे. १८३० साली घाटातून चाकांची वाहने जाण्याजोगा रस्ता झाला. तरी होडीस भरतीची वाट पाहावी लागेच, आणि प्रवासाचा वेळ कोसांनी ठरत नसे, भरती-ओहोटीने ठरत असे. १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडले आणि बंदराची वर्दळ ओसरली. पनवेल व पुणे यांतील अंतर होते तेवढेच राहिले. बदलली ती वाट आणि वाट पाहण्याची जागा.

आता काळाने पुन्हा फेरा घेतला आहे. पनवेल तालुक्यातच नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणांनी त्याची प्रवासी वाहतूक सुरू झाली. ११६० हेक्टरांचा हा विस्तार आहे. योजनेत प्रत्येकी ३,७०० मीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या असून प्रारंभ एका धावपट्टीने झाला. जुन्या मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालविता येत नाहीत. समांतर धावपट्ट्यांस ही अडचण नसते.

या विमानतळामुळे सिंगापूर जवळ येईल काय? आकाशात नाही. दोरा तेवढाच, वेग तेवढाच, साडेपाच तासही तेवढेच. पण दाराशी असलेल्या विमानतळावरून विमान मिळाले तर दोन तासांचा रस्ता अर्ध्या तासावर येईल, आणि बारा तासांचे साडेदहा होतील. जेटच्या आगमनानंतर साठ वर्षांत आकाशात जे साधले नाही ते पनवेलकरास जमिनीवर साधेल. मात्र तिकीट हाती येताच त्यावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे हे नीट पाहावे. आता एका मुंबईस दोन विमानतळ आहेत, आणि चुकीच्या दारी गेलेल्या प्रवाशास विमान थांबत नाही.

हा दीड तास फुकट मिळालेला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. उलव्याची टेकडी फोडून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून ही जागा सपाट करण्यात आली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे उठली. त्याआधीही नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील भातशेते आणि मिठागरे गेली होती. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांस परत मिळावा, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. आपण अर्ध्या तासात विमानाच्या पायरीशी पोहोचू, तेव्हा ज्यांच्या अंगणावरून तो रस्ता गेला त्यांची आठवण असावी.

उंबरठा ते उंबरठा

हिशेब संपवून मी कागद आत्याबाईंपुढे ठेवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे त्या रात्री कोणाला सांगता आले असते तर बरे झाले असते."

२०२३ च्या मार्गशीर्षात माझे वडील गेले. रात्रीचे साडेनऊ झाले होते. सिंगापुरात तेव्हा मध्यरात्र. अग्नी देण्याचा मान भावाचा नव्हे, थोरला म्हणून माझा होता. तरी वडिलांचे शेवटचे दर्शन त्याला घडावे असे सर्वांनाच वाटत होते. कोणी तरी म्हणाले, "विमानास साडेपाच तास लागतात, पहाटे तो येईल." त्या भरवशावर सर्वांस निरोप गेले. अलिबाग-पेणहून नातलग पहाटे चारला येऊन बसले. भाऊ मात्र तेव्हा सिंगापूरच्या विमानतळावर विमान सुटण्याची वाट पाहत होता. रात्रीची विमाने निघून गेली होती, आणि त्याला जागा मिळाली ती सकाळी सातच्या विमानात, म्हणजे आपल्या साडेचारला. दहाला तो मुंबईत उतरला आणि एकच्या सुमारास घरी आला. पहाटेपासून मंडळी अस्वस्थ होती. फार वेळ ठेवू नये, असे दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी बोलूनही दाखविले, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आत्याबाई भावाच्या उशाशी बसून होत्या. त्यांनी एवढेच विचारले होते, "तो उंबरठ्यावर पाऊल किती वाजता ठेवील, तेवढे मला सांगा." घरात इंजिनियर होते, बँकेतले अधिकारी होते, मी होतो. एकासही ते सांगता आले नाही. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "येईल तेव्हा येईल. थांबायचे." आणि आम्ही थांबलो.

साडेनऊपासून एकपर्यंत साडेपंधरा तास. त्यांत विमान आकाशात होते साडेपाच. बाकीचे दहा कोणाच्याच हिशेबात नव्हते.

आत्याबाईंनी मला तो कागद पुन्हा लिहावयास लावला. आकडेमोड नको, केवळ उत्तर दे, म्हणाल्या. मी लिहिले : "पनवेल ते सिंगापूर. अंतर ३,९०० किलोमीटर. विमानात साडेपाच तास. उंबरठा ते उंबरठा बारा तास. अकस्मात निघावे लागल्यास सोळा धरावेत. त्यांचे घड्याळ अडीच तास पुढे." कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस, डॉक्टरांच्या आणि भटजींच्या फोन क्रमांकांखाली, त्यांनी तो डिंकाने चिकटविला.

बारसे थाटात झाले. महिन्याभराने आत्याबाई परतल्या, तेव्हा मी सहारच्या विमानतळावर उभा होतो. बाहेर येताच त्यांनी मनगटावरील घड्याळ अडीच तास मागे केले आणि म्हणाल्या, "साडेपाचच तास लागले रे. उतार नाही."

ज्यांची माणसे दूर आहेत अशा प्रत्येक घरी कपाटाच्या दारावर असा एक कागद असावा. गावाचे नाव आणि आकडे ज्याचे त्याने घालावेत.